खरखर

पेरू खायला सरांना पाऊण तास लागे. आधी साल काढत, मग चार फोडी करत, मग पेन्सिल तासायच्या चाकूने एकेका फोडीतल्या बिया टोकरून काढत. बियांबरोबर गर येई. तोही ताटलीच्या कडेला जाई. शेवटी बोटाच्या पेराएवढे काहीतरी उरे. त्याला मीठ लावून ते खात आणि म्हणत, "जे नको ते काढलं की जे हवं ते आपोआप उरतं."

चुलीपाशी बसलेल्या काकू, त्यांच्या पत्नी, मला म्हणत, "भाऊ, यासनी ताटली तुम्ही खाई ल्या. पेरू तठेच शे."

मी नंदुरबारला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. धुळ्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवणे हे माझे काम. ते हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणे. ते मला 'वार्ताहर' म्हणत. सात वर्षांत त्यांनी माझे नाव उच्चारले नाही. अहिराणी बोलणाऱ्या गावात आयुष्य काढून ते घरातसुद्धा शाळेतले मराठी बोलत आणि काकू त्यांना अहिराणीत उत्तर देत. दोघांचे कधी अडले नाही.

संध्याकाळी मी बातमी लिहून काढली की ते कागद मागून घेत. हातात निळी पेन्सिल असे. 'कापसाच्या गंजीला भीषण आग' यातला 'भीषण' खोडत. "सौम्य आग पाहिली आहे का तुम्ही?" 'शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार' यातले वातावरण खोडत. "मयताच्या घरी दुसरं कसलं वातावरण असतं, वार्ताहर?" वर्गात मुलांना त्यांचे एकच सांगणे असे : विचारलं तेवढंच लिहा. जास्तीचे लिहिले तर ते गुण कापत. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण हा नियम मीही उचलला. पुढे मोठ्या दैनिकात गेल्यावर माझे लिखाण कोरडे आणि नेमके आहे असे म्हटले गेले. त्याचे श्रेय त्यांचे.

घरात एका पत्र्याच्या पेटीत पाच रेकॉर्ड होत्या. जिनिंग फॅक्टरीचा पारशी मॅनेजर गाव सोडून मुंबईला गेला तेव्हा त्या सरांना देऊन गेला. सरांनी त्याचा रेडिओ दुरुस्त करून दिला होता. फॅक्टरीच्या गोदामात असताना वाळवीने पुठ्ठ्याचा अल्बम आणि रेकॉर्डवरची लेबले खाल्ली होती. रचना कोणाची, वाजवणारा कोण, हे कळायला मार्ग नव्हता. मॅनेजरने एवढेच सांगितले होते की हा व्हायोलिनचा कॉन्चेर्तो आहे : एका बाजूला पन्नास-साठ वादकांचा ताफा, दुसऱ्या बाजूला एकटे व्हायोलिन. पाच रेकॉर्डच्या दहा बाजू, एकेक बाजू चार मिनिटांची.

सरांनी त्याआधी युरोपी संगीत ऐकले नव्हते. नंतरही दुसरे ऐकले नाही. या दहा बाजू मात्र त्यांना पाठ होत्या. सातव्या बाजूवर सगळा ताफा थांबे आणि व्हायोलिन एकटेच वर चढत जाई. शेवटचा सूर इतका उंच होता की तो संपला कधी ते सांगता येत नसे. तिथे सर एक हात वर करत, उत्तर येत असलेल्या मुलाने वर्गात करावा तसा.

काकू त्या व्हायोलिनला 'ती' म्हणत. "माले लेकरू नही व्हयनं, पन सवत उनी," त्या मला पहिल्याच महिन्यात म्हणाल्या. "रडस बी मन्हापेक्षा बरी."

सर ग्रामोफोनवर रेकॉर्ड वर्षातून एकदाच लावत. ऐकणे म्हणजे झिजवणे, असे त्यांचे म्हणणे. दर वेळी पिन खोबणीतून जाताना थोडे संगीत खरवडून नेते आणि थोडी खरखर मागे ठेवते. शिवाय बाजू बदलायला नऊ वेळा उठावे लागे. "ज्याने हे रचलं," सर म्हणत, "त्याने मध्ये उठायला सांगितलेलं नाही." म्हणून दहाही बाजू टेपवर उतरवायच्या, टोके जुळवायची, टिचक्या कापायच्या, खरखर गाळायची आणि संपूर्ण रचना एकसंध, स्वच्छ करून ठेवायची, हे त्यांनी ठरवले होते. जे होते ते या पाच रेकॉर्डवरच होते आणि त्या दर वर्षी थोड्या कमी होत होत्या.

"कुणासाठी, सर?" मी एकदा विचारले.

"मागेल त्याच्यासाठी."

"गावात कोण मागणार?"

"आज कुणी नाही. म्हणून तर ठेवायचं. मागणारा दारात असला तर ठेवावं कशाला लागेल? तो घेऊन जाईल."

लोखंडी पिन त्यांनी केव्हाच फेकून दिल्या होत्या. ते काटा वापरत. काटे दित्या आणून देई. दित्या सातपुड्यातला. कापसाच्या हंगामात जिनिंगवर मजुरीला उतरे आणि हंगाम संपला की डोंगरात परत जाई. वयाने तो सरांच्या बरोबरीचा असावा. काट्यांतले त्याला सरांपेक्षा जास्त कळे. "बाभूळना फुटस, गुरुजी. बोरना वाकडा ऱ्हास. हाऊ हिंगणना ल्या." हिंगणाचा काटा सरळ, कडक आणि तरी लोखंडापेक्षा मऊ. सर तो पॉलिश पेपरवर घासून टोक काढत. एका काट्यावर एक बाजू, मग काटा नवा.

एकदा अंगणात लावणीच्या फुटक्या रेकॉर्डचा तुकडा पडला होता. दित्याने तो उचलला, काडी ओढून कडेला धरली आणि वास घेतला. "गुरुजी, हाई ते लाख शे. आमना डोंगरमाधली."

"बरोबर," सर म्हणाले. "लाख, दगडाची भुकटी आणि काजळी."

"इळानी मूठ बसाडाले कामले ई."

डोंगरात विळ्याचे पाते लाकडी मुठीत लाखेने पक्के करतात. त्या दिवसापासून गावातल्या फुटक्या रेकॉर्ड गोळा करून सर दित्याला देऊ लागले आणि दित्या काटे देऊ लागला. पत्र्याच्या पेटीवर बोट ठेवून तो एकदा म्हणाला, "आनि ह्या कव्हय फुटतीन?" सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "या नाही फुटणार, दित्या. या तुझ्या हाती लागायच्या नाहीत."

टेपरेकॉर्डर जवळच्या कोरीट गावच्या एका गुजर शेतकऱ्याचा. मुलीच्या लग्नातली गाणी भरायला त्याने तो मुंबईहून आणवला होता. लग्नानंतर तो कोठीत पडून होता. सरांनी त्याच्या मुलाची मॅट्रिकची तयारी करून घेतली आणि बदल्यात यंत्र वापरायला आणले. महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आगेमागे हे घडले.

काम बाजाराच्या दिवशीच चाले. त्या दिवशी जिनिंग बंद असे. इतर दिवशी यंत्रे सुरू झाली की गावातले दिवे पिवळे पडत आणि सरांच्या मते टेपचा वेग ढळे. मिरच्यांच्या हंगामात तर पेटी उघडायलाच बंदी. गावाबाहेर मैलभर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असत. त्यांची पूड हवेत तरंगे आणि माणसे शिंकत फिरत. सर पेटीवर ओले धोतर टाकून ठेवत. म्हणजे कामाला वर्षातले थोडेच दिवस मिळत. एरवी ते तयारी करत.

पहिल्या वर्षी त्यांनी टिचक्या काढल्या. रेकॉर्डवर चरा असला की टिचकी वाजते. टेप हाताने मागेपुढे सरकवून ते ती जागा शोधत आणि दाढीच्या ब्लेडने तेवढाच तुकडा कापत, तांदळाच्या दाण्याएवढा. मग दोन टोके चिकटवत. कापलेले तुकडे ते टाकत नसत. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरणीत ठेवत. बरणीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'अशुद्धी'.

टिचक्या गेल्या. खरखर राहिली. ती काढायला त्यांनी लाकडी पाटीवर रेडिओतले कंडेन्सर जोडले. त्याला ते चाळणी म्हणत. उंच आवाज या चाळणीत अडकतो, आणि खरखर व टिचकी दोन्ही उंच असतात, असे त्यांनी मला चित्र काढून समजावले. टेप भरून झाली की दुसऱ्या दिवशी ऐकत आणि मान हलवत. "आहे. अजून आहे." पुढच्या बाजाराच्या दिवशी एखादा कंडेन्सर बदले किंवा वाढे आणि दहा बाजू पुन्हा नव्याने भरल्या जात, त्याच टेपवर, आधीचे पुसून. एकीकडे हेही होत होते की वर्षातून एकदा लागणाऱ्या रेकॉर्ड आता वर्षातून आठ-दहा वेळा लागत होत्या.

याच काळातली एक गोष्ट नोंदवायला हवी. हिवतापाच्या मोहिमेत गावात घरोघर फवारणी झाली. त्यानंतर सर म्हणू लागले की रातकिडे वाढले आहेत. "दिवसासुद्धा ओरडतात, वार्ताहर. भर दुपारी. याची बातमी द्या." मी चार ओळी दिल्या : फवारणीनंतर रातकिड्यांचा उपद्रव वाढल्याची एका शिक्षकाची तक्रार आहे. फवारणीचा इन्स्पेक्टर चौकशीला आला. अंगणात उभा राहिला, कान दिला. "गुरुजी, कोठे शेतस?"

"हे काय, आता ओरडतायत."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिले. मी काकूंकडे पाहिले. काकू धान्य पाखडत होत्या. अंगणात सुपाखेरीज आवाज नव्हता.

ती बातमी चुकीची होती. दुरुस्ती मी कधी दिली नाही. त्या चार ओळींवरून मला जे समजायला हवे होते ते त्या वेळी समजले नाही.

चौथ्या वर्षी पाटीवर नऊ कंडेन्सर झाले होते. मला मुंबईच्या दैनिकाकडून बोलावणे आले होते. महिनाअखेर निघायचे होते. एका बाजाराच्या दिवशी दुपारी सरांनी मला आत बोलावले. खिडक्यांना ओली धोतरे लावली होती. त्यांनी टेप सुरू केली आणि समोर स्टुलावर बसले.

दहा बाजू सलग वाजल्या. कोणी उठले नाही. एवढे मात्र खरे की सांधे कुठेच कळले नाहीत. पण ताफा रजईखाली वाजत होता. व्हायोलिन भिंतीपलीकडे कोणी बोलावे तसे येत-जात होते. ते वर चढू लागले की नाहीसे होई. सातव्या बाजूच्या जागी ताफा थांबला आणि काही वाजलेच नाही. टेप फिरत होती. सरांनी हात वर केला.

सूर त्यांना आठवणीतून ऐकू येत होता. दुसरा कुठला नव्हता.

टेप संपली. ते माझ्याजवळ आले. चेहरा थकलेला होता. "मला नीट सांगा," ते म्हणाले. "मला अजून खरखर ऐकू येते. पहिल्या दिवशी होती तेवढीच. चार वर्षं मी ती काढतो आहे आणि ती कमी होत नाही. तुम्हाला ऐकू येते का?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, सर."

विज्ञानाचे शिक्षक होते. उत्तर काढायला त्यांना दुसऱ्याची गरज नव्हती. "टेपवर नाही आणि मला ऐकू येते," ते म्हणाले. "म्हणजे ती माझ्या कानात आहे. ते रातकिडेही कानातलेच." मग ते हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना एरवी फक्त दित्याबरोबर पाहिले होते. "म्हणजे काम केव्हाच झालेलं आहे! माझ्या कानाचं काय, किती दिवस आहे तो. टेप स्वच्छ आहे ना, झालं."

त्यांनी विचारले तेवढेच मी सांगितले होते. उत्तर बरोबर होते. व्हायोलिनबद्दल त्यांनी विचारले नव्हते.

मी बाहेर आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. पदराला हात पुसत हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ती कोठे गयी?"

मी चपला शोधू लागलो.

"इतला वरीस ऐकी ऱ्हायनी मी. ती त्यामा नही. तुम्ही सांगा त्यासले."

"तुम्हीच सांगा ना, काकू."

"मन्हं कोन ऐकस? माले सवत नकोच व्हती, असं म्हनतीन. तुम्ही पेपरवाला शेतस. तुमनं खरं वाटी त्यासले."

उद्या सांगतो, असे मी म्हटले. मला वाटले होते, रेकॉर्ड पेटीत आहेत, घाई नाही. दुसऱ्या दिवशी मला खांडबाऱ्याला एका अपघाताच्या बातमीसाठी जावे लागले. दोन दिवस तिथेच गेले. परत आलो तेव्हा पत्र्याची पेटी अंगणात उपडी वाळत होती.

दित्या हंगाम संपवून डोंगरात निघून गेला होता. सरांनी पाचही रेकॉर्ड त्याला देऊन टाकल्या होत्या. "झिजून गेल्या होत्या," ते मला म्हणाले. "आता त्यांचं काम नाही. लाख डोंगरातून आली, डोंगरात गेली. हिशेब नीट बसला." त्यांना त्या दिवशी शाळेला उशीर झाला होता तरी ते शीळ घालत गेले.

मी महिनाअखेर मुंबईला आलो. काही सांगितले नाही. आता सांगून उपयोग नाही, असे स्वतःला समजावले. तसे समजावणे सोपे होते.

सरांनी टेप माझ्या पाठोपाठ मुंबईला पाठवली. माझ्याकडे नाही, पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्या एका मंडळाकडे. रचना कोणाची ते ओळखून कळवावे आणि हवी असल्यास टेप ठेवून घ्यावी, असे पत्र सोबत होते. शेवटी मागणारा सापडेल, असे त्यांना वाटले होते. टेप परत आली. सोबतचे उत्तर सभ्य आणि तीन वाक्यांचे होते. ध्वनिमुद्रण अस्पष्ट असून एकल वाद्य ऐकू येत नाही. रचना ओळखता आली नाही. मूळ तबकड्या असल्यास कृपया पाठवाव्यात, मंडळास त्यांची आवड आहे.

दिवाळीत मी गेलो तेव्हा त्यांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवले. आता त्यांच्याशी मोठ्याने बोलावे लागे.

"तुम्ही ऐकलं होतं ना?"

"हो."

"एकल वाद्य ऐकू येत नव्हतं?"

"वरचं येत नव्हतं. सातव्या बाजूला काहीच नव्हतं."

"मग?"

मी ओरडून उत्तर दिले. दुसरा मार्ग नव्हता. "तुम्ही खरखरीचं विचारलं होतं, सर."

त्यांनी पत्राची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "बरोबर," ते म्हणाले. "विचारलं तेवढंच." पुढे त्यांनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला त्या वेळी वाटले आणि अजूनही वाटते.

कापूस फुटला तसा दित्या जिनिंगवर उतरला. तो घरी आला त्या दिवशी मी तिथेच होतो. रेकॉर्ड आहेत का हे कोणी विचारायच्या आधीच त्याने फडक्यातून विळा काढून सरांपुढे धरला. "पाहा गुरुजी. चार इळा व्हयनात. अशी लाख कव्हय भेटनी नही." सरांनी विळा हातात घेतला. पाते हलवून पाहिले. हलले नाही. पाते मुठीत शिरते तिथे काळ्या लाखेचे कडे होते, तुळतुळीत, उन्हात चमकणारे. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला, खोबणी शोधावी तसा. मग विळा परत दिला.

"चांगला बसला आहे," ते म्हणाले.

"काटा आनेल शेतस." दित्याने कमरेची पुरचुंडी सोडली.

सरांनी ती घेतली. ते काटे कशालाच लागले नाहीत.

मशीन कोरीटला परत गेले, त्याबरोबर टेपही. तिच्यावर पुढे बारशाची गाणी भरली, असे ऐकले. सर त्यानंतर तीन वर्षे जगले. शेवटी त्यांना खरखरीखेरीज काही ऐकू येत नसे. काकू पाटीवर खडूने लिहून विचारत : भात की भाकरी. त्यांना जेमतेम लिहिता येई. ते पाटीवरचे शुद्धलेखन दुरुस्त करून मग उत्तर देत.

मी भेटायला गेलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. काकूंनी फळीवरून काचेची बरणी काढली. 'अशुद्धी' ही चिठ्ठी पिवळी पडली होती. आत टेपचे तुकडे होते, तपकिरी, मूठभर.

"हाई फेकू का? तुम्हीच सांगा."

ते पहिल्या वर्षीचे तुकडे होते. तेव्हा एकही कंडेन्सर जोडलेला नव्हता. टिचकी ज्या क्षणी वाजली त्या क्षणी व्हायोलिनही वाजत होते. म्हणजे दोन्ही त्या तुकड्यावर होते. मी ते काकूंना सांगितले.

"म्हंजे ती यामा शे?"

"आहे. पण एकेका तुकड्यात पापणी लवावी एवढीच. सगळे जोडले तरी दोन-चार सेकंद होतील, आणि त्यात टिचक्याच ऐकू येतील. ती ऐकू येणार नाही." या वेळी मी विचारल्यापेक्षा जास्त सांगितले.

काकूंनी ऐकून घेतले. "इतलं तव्हय सांगं ऱ्हातं, भाऊ," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी झाकण घट्ट केले, बरणी कानाशी नेली आणि हलवली. आतून खरखर ऐकू आली.